यशोगाथा आणि नकार

लहान कर्जाने गरीब बाईचा संसार उभा राहिला, ही कथा मराठीत आता इतक्या वेळा छापली गेली आहे की तिला स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानून तिची समीक्षा करायला हवी. सरकारी मासिके, महामंडळांच्या पुस्तिका, बँकांचे अहवाल आणि वृत्तपत्रांच्या महिला दिनाच्या पुरवण्या यांतून हा प्रकार फोफावला. त्याला 'यशोगाथा' असे नाव आहे. वाङ्मय म्हणजे कथा, कविता, कादंबरी एवढेच असे समजणाऱ्या समीक्षकांना तो दखल घेण्याजोगा वाटणार नाही. पण आमच्या लोणारच्या आणि भोवतालच्या खेड्यांतील बौद्ध, मातंग, चर्मकार वस्त्यांमधल्या बायांविषयी आज जे काही छापून येते, त्यातला मोठा भाग याच प्रकारातला असतो. आपल्या माणसांचे चित्र कोण काढतो, कोणत्या हेतूने काढतो आणि त्यात काय गाळतो, हा प्रश्न दलित साहित्याने जन्मापासून विचारला. तोच मी इथे विचारतो आहे.

यशोगाथेचा सांगाडा ठरलेला असतो. बाई गरीब असते. नवरा दारुडा असतो किंवा वारलेला असतो. पाऊस दगा देतो. मग एक दिवस बाई बचत गटात येते, महिन्याला शंभर रुपये टाकू लागते, तिला दहा-वीस हजारांचे कर्ज मिळते. ती शेळ्या घेते, शिलाई मशीन घेते किंवा पापड लाटू लागते. हप्ते वेळेवर फिटतात. मुले शाळेत जातात. शेवटच्या परिच्छेदात ती साहेबांचे आणि योजनेचे आभार मानते, आणि शेजारी तिचे छायाचित्र असते.

या कथेत दुःखाची दोनच कारणे संभवतात : नवरा आणि निसर्ग. बाई मजुरीला कोणाच्या शेतात जात होती, तिथे तिला काय मिळत होते, जमीन तिच्याकडे का नव्हती, तिचे घर गावाच्या कोणत्या टोकाला आहे, यातले काहीही सांगितले जात नाही. तिची जात सांगितलीच तर लाभार्थ्याच्या प्रवर्गाच्या रकान्यात सांगितली जाते. रकान्यात जात असते आणि गोष्टीत नसते, हे या वाङ्मयप्रकाराचे मुख्य लक्षण होय. जातीशिवायच्या दारिद्र्याला व्यवस्था जबाबदार धरावी लागत नाही. ते बाईच्या नशिबाचे होते आणि बाईच्या जिद्दीने हटते.

माझा विरोध कर्जाला आहे असा अर्थ कोणी काढू नये. या कर्जामागचा इतिहास सन्मानाने सांगावा असाच आहे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खाणावळवाल्या बायांना वाण्याच्या उधारीतून आणि सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांनी बँकेच्या दारात नेले. बँका त्या काळी अशा बाईला उंबऱ्यावर उभे करीत नव्हत्या. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारचे महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९८३ मध्ये बांगलादेशात महंमद युनूस यांच्या प्रयोगातून ग्रामीण बँक निघाली. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला, आणि २०११ नंतर 'उमेद' अभियान आले. तारण नाही म्हणून ज्यांना कर्ज नाकारले गेले त्यांना तारणाशिवाय कर्ज देता येते आणि ते परत येते, एवढे या चळवळीने सिद्ध केले. गरीब माणूस बुडवा असतो हा सावकारी सिद्धांत तिने खोटा पाडला. ही गोष्ट लहान नाही.

पण या कर्जाने आमच्या वस्तीत नेमके काय बदलले, ते यशोगाथेला दिसत नाही. ती उत्पन्नाचा आकडा शोधते. बदल दुसरीकडेच झाला आहे.

लोणार तालुका कोरडवाहू आहे. सोयाबीन, तूर, कापूस ही इथली पिके. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनाही ती पुरत नाही, आणि ज्यांच्याकडे नाही ते सालदार, रोजंदार, नाहीतर ऊसतोडीला आणि शहरातल्या बांधकामाला जाणारे. आपल्या माणसांचे कर्ज सावकाराच्या चोपडीत फारसे नसायचेच. १८७५ च्या दंग्यात पुणे-नगरकडच्या कुणब्यांनी गहाणखते जाळली, कारण त्यांच्याकडे गहाण ठेवायला जमीन होती. ज्याच्याकडे जमीनही नाही त्याने काय गहाण ठेवायचे? त्याने हात गहाण ठेवले. धान्य सवाई-दिढीने घ्यायचे आणि पैसा उचल म्हणून घ्यायचा. पोर आजारी पडले, मयत झाली, जून महिन्यात घरात दाणा राहिला नाही, की मालकाच्या दारी जायचे. मालक पैसे देतो आणि वेळ बांधून घेतो. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत चार ठिकाणी चढा भाव असताना उचल घेतलेल्या बाईला मालक म्हणेल त्या भावात त्याच्याच शेतात राबावे लागते. या व्यवहाराला कागद नसतो, म्हणून त्याला कर्ज म्हणत नाहीत. परंतु आमच्याकडचे खरे कर्ज हेच.

बचत गटाने घाव घातला तो या उचलीवर. अडीनडीला दोन-पाच हजार रुपये गटातून मिळू लागले. व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. ते काही स्वस्त नव्हे. पण ते व्याज बायांच्याच पेटीत पडते आणि पैशासाठी हंगाम विकावा लागत नाही. एका बाईने मला हे सगळे तीन वाक्यांत सांगितले : "पहिले पैसे लागले का मालकाच्या वट्याखाली उभं राहा लागे. आता गटात जा लागते. गटात बसायले जागा तं भेटते." अर्थशास्त्राच्या भाषेत तिचे उत्पन्न वाढले नाही. पण सोंगणीच्या दिवसांत ती मालकाला 'या भावात येत नाही' असे म्हणू शकली. वेदना, नकार आणि विद्रोह ही दलित साहित्याची त्रिसूत्री आपण सांगत आलो. त्यातला नकार शेताच्या बांधावर कसा उच्चारला जातो, याचे हे उदाहरण आहे. लहान कर्जाची कसोटी मी हीच मानतो. त्याने माणसाच्या अंगी 'नाही' म्हणण्याचे बळ येते का? येत असेल तर ते मुक्तीच्या बाजूचे, नाहीतर केवळ धनको बदलला.

मात्र यशोगाथा इथे थांबत नाही. तिला बाई उद्योजक झालेली हवी असते. आणि उद्योग म्हटला की गिऱ्हाईक आले, गिऱ्हाईक म्हटले की जात आली. याविषयी आपल्या आत्मकथनांनी जे सांगून ठेवले आहे ते कोणत्याही अहवालात सापडत नाही.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ मध्ये आले. पुस्तकाचे नावच एका धंद्याचे नाव आहे. नवरा गेल्यावर त्यांच्या आईने बांबूची आयदाने विणून घर चालवले. आजच्या भाषेत ती सूक्ष्म उद्योजक ठरेल. कौशल्य तिच्या हातात होते, मालाला मागणी होती, कष्टाला सुमार नव्हता. पण तो माल पोचवायला गेलेल्या मुलीला सवर्ण घराबाहेर उभे राहावे लागते, टोपल्यांवर पाणी शिंपडून त्या आत घेतल्या जातात आणि पैसे वरून हातात टाकले जातात. टोपली शुद्ध करून घेता येते. विणणारी घेता येत नाही. आता या धंद्याला वीस हजारांचे कर्ज दिले असते तर काय झाले असते? टोपल्या अधिक झाल्या असत्या. पैसे तरीही वरूनच पडले असते.

दुसरे उदाहरण बेबीताई कांबळे यांचे. 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. बेबीताईंनी फलटणला नवऱ्याबरोबर छोटा धंदा टाकला होता. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितले आहे की घडातून गळालेली सुटी द्राक्षे विकण्यापासून सुरुवात झाली, मग भाजी आली, मग किराणा. गिऱ्हाईक आपल्याच समाजाचे. बांधणीसाठी आलेली रद्दी वर्तमानपत्रे त्या गल्ल्यावर बसून वाचत, आणि तिथेच घरच्यांपासून लपवून त्यांनी आपले पुस्तक लिहिले. यशोगाथेला याहून उत्तम नायिका कुठे मिळणार? पण 'जिणं आमुचं' वाचा. तो दुकानाचा ग्रंथ नाही. त्यात महारवाडा आहे, येसकराच्या घरची भाकरी आहे, सासुरवाशिणीचे हाल आहेत, अंगात येणाऱ्या देव्या आहेत आणि बाबासाहेबांच्या हाकेने उठून बसलेला समाज आहे. जिच्या हाती गल्ला होता त्या बाईला गल्ल्याची गोष्ट सांगण्याजोगी वाटली नाही, समाजाची वाटली. यशोगाथा नेमकी याच्या उलट निवड करते. आणि वाङ्मयाची जीवनदृष्टी ही निवडीतच असते, असे मी मानतो.

कोणी म्हणेल की ही जुनी गोष्ट झाली, बाजाराला जात नसते. मुंबईच्या गिरण्या हा तर आधुनिक बाजारच होता. पण तिथल्या विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या धाग्याला आपल्या ओठांचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. खाणावळीची बाई कर्जाने उभी राहू शकली, कारण तिच्या हातचे खाणारे होते. आता आपल्या वस्तीतल्या बाईने बसस्टँडसमोर पोहे-भजीची गाडी टाकली तर गावातला कोण खाईल, याचा हिशेब कर्ज मंजूर करताना कोणी मांडतो काय? शाळेच्या पोषण आहारात दलित बाईच्या हातचे जेवण नाकारल्याच्या बातम्या देशाच्या अनेक राज्यांतून येतच असतात. म्हणून आपल्या बाया पापड करीत नाहीत, शेळ्या घेतात. शेळीला जात नसते. योजनेच्या कागदावर ती निवड बाईची आवड म्हणून नोंदवली जाते.

पण शेळीलाही चारा लागतो. लोणार जगाला माहीत आहे ते उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेल्या सरोवरासाठी. २००० मध्ये तो परिसर अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. हे योग्यच झाले. त्यामुळे सरोवराच्या उतारावर आता चराईला मोकळीक नाही. खेड्यांतली गायराने आक्रसली. उरले ते शेताचे बांध, आणि बांध जमीनवाल्याचे. दोन शेळ्या बांधावरून फिरतात तोवर कोणी बोलत नाही. कर्ज काढून दहा केल्या की मालकाच्या डोळ्यांवर येतात. निवडणुकीत उभे राहिलात, जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याने नेली, मजुरीचा भाव वाढवून मागितला, की पहिला निरोप येतो तो शेळ्या बांधावर दिसता कामा नयेत असा. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी द्यायचाच असतो. म्हणजे ज्या कर्जाने उचलीपासून सुटका केली, तेच कर्ज बाईला पुन्हा मालकाच्या मर्जीत आणून बसवू शकते. एकाच वस्तीत, एकाच गटात या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. यशोगाथा पहिली अर्धी सांगते, आणि तीही चुकीच्या कारणासाठी.

इथवर मी बायांच्या स्वतःच्या बचतीच्या गटाविषयी बोललो. गेल्या काही वर्षांत खेड्यात आलेल्या खाजगी फायनान्सचा प्रकार निराळा आहे. तिथे बाया बचत करीत नाहीत, नुसते कर्ज घेतात. मोटारसायकलवरून वसुलीचा मुलगा येतो, एखादीच्या ओट्यावर बायांची बैठक भरते, हजेरी होते, हप्ते गोळा होतात. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा. कर्जाला तारण नाही असे म्हणतात ते खरे नव्हे. शेजारणीची नजर हे तारण आहे. ज्या वस्तीने आजवर वर्गणी काढून विहार बांधले, १४ एप्रिल साजरा केला, मोर्चासाठी भाकरी बांधून दिल्या, त्या वस्तीची एकी आता वसुलीचे यंत्र म्हणून वापरली जाते. थकलेल्या बाईच्या दारात तिच्याच शिबिरातल्या, तिच्याच वंदनेला बसणाऱ्या बाया उभ्या राहतात. सावकार बाहेरचा होता तेव्हा त्याच्याविरुद्ध एक होता येत होते. या रचनेत आपणच आपले वसूलदार होतो, आणि चळवळीच्या दृष्टीने मला हे व्याजाहून महाग वाटते.

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात या वसुलीच्या तगाद्यातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातही बायांनी हप्ते न भरण्याचा पवित्रा घेतला. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून नियम केला की वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. म्हणजे हातावर पोट असणाऱ्या घरातले अर्धे उत्पन्न हप्त्यात गेले तरी ते नियमात बसते! आणि ज्या घरात हंगामाचे चार महिने सोडता उत्पन्नच नसते, तिथे 'मासिक उत्पन्न' म्हणजे काय, हे आमच्या बायांना कोणीतरी समजावून सांगावे.

मग या कर्जाने दारिद्र्य हटते की नाही? अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत याचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या वस्त्यांत कर्ज आधी पोचले, निम्म्यांत नाही. आधीपासून चालू असलेल्या धंद्यांत थोडी गुंतवणूक वाढली. पण घरखर्चात, मुलांच्या शिक्षणात, बायांच्या घरातल्या अधिकारात लक्षणीय फरक आढळला नाही. जगभर 'दारिद्र्याची कोंडी फोडणारे कर्ज' म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, त्याचा पुरावा एवढाच निघाला.

आपल्याला याचे नवल वाटू नये. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलेल्या इंग्रजी निबंधात या विचाराची चूक दाखवून ठेवली आहे. शेत लहान आहे म्हणून शेतकरी गरीब, हे तेव्हाचे सोपे उत्तर होते. बाबासाहेबांनी म्हटले की शेताचा आकार हा प्रश्नच नव्हे. त्यावर लावायला भांडवल नाही आणि त्याच्यावर जगणारी रिकामी माणसे मात्र फार आहेत, हा प्रश्न आहे. त्या रिकाम्या हातांना उत्पादक काम देणारे उद्योगीकरण हा त्यांचा उपाय होता. आजचे सोपे उत्तर असे की गरिबाकडे दहा हजार रुपये नाहीत म्हणून तो गरीब. ते दिल्याने काम निर्माण होत नाही, काम करू पाहणारे हात तेवढे वाढतात. एका गावात एक शिलाई मशीन चालते, सात चालत नाहीत. सातही जणींना कर्ज मिळाले तर सातही जणी अर्धपोटी राहतात.

आणि जमिनीचे काय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे लढे उभारले. त्यांच्याच नावाने २००४ पासून सबळीकरण आणि स्वाभिमान योजना आहे : दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. योजना उत्तम आहे. पण सरकारी दरात जमीन विकणारा मिळत नाही, म्हणून ती कागदावर खोळंबते. कर्ज घरपोच येते आणि जमिनीसाठी कचेरीत खेटे घालावे लागतात. पहिल्याच्या यशोगाथा ढिगाने निघतात. दुसऱ्याच्या अपयशाची गाथा कोणी छापत नाही. चार एकर जमीन असलेल्या बाईला शेळ्यांसाठी कोणाचा बांध लागत नाही. तिला दिलेले वीस हजार खरोखर भांडवल होतील. जिच्याकडे काहीच नाही तिला दिलेले वीस हजार ही पुढच्या संकटापर्यंतची मुदत असते. मुदतीलाही किंमत असते, पण तिला मुक्ती म्हणू नये.

शेवटी प्रश्न आपल्या लेखकांचा उरतो. दलित साहित्यातला सावकार अजून धोतर नेसून चोपडी घेऊन बसलेला आहे. आजचा धनको गोड बोलतो, बाईला 'मॅडम' म्हणतो, तिच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतो, आणि त्याचे मालक मुंबईच्या शेअर बाजारात आहेत. त्याच्यावर आपल्याकडे फारच कमी लिहिले गेले. गटाच्या बैठकीत प्रथमच सतरंजीवर बरोबरीने बसलेली बाई, हिशेबाची वही लिहायला शिकलेली, बँकेत साहेबाच्या समोर खुर्ची ओढून घेणारी बाई, आणि तीच शेजारणीच्या दारात वसुलीला उभी राहिलेली बाई : एवढे नाट्य आपल्या वस्तीत रोज घडते आहे. ते यशोगाथेच्या हवाली करून आपण स्वस्थ बसलो, तर उद्या आपला इतिहास लाभार्थ्यांच्या यादीतून वाचावा लागेल.

ज्या मुलींनी गटाच्या वह्या लिहिल्या त्यांच्या हाती लेखणी आहेच. त्यांनी जमा आणि खर्च या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना आखावा. त्यात मालकाला कोण नाही म्हणाले, कोणाला म्हणता आले नाही आणि का, एवढे लिहावे. आपल्या साहित्याला लागणारा कच्चा माल त्या रकान्यात आहे, आणि लहान कर्जाने काय दिले याचा प्रामाणिक हिशेबही तिथेच लागेल.